ते सोन्यामागे आले नव्हते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घराण्यांचा इतिहास शोधण्यावर आलेला लेख मी सॉल्ट लेक सिटीत वाचला. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि लेखकाची तळमळही जाणवते. तरी त्यातल्या दोन विधानांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या पहिल्या पिढीतल्या लोकांना त्यात ‘सोन्याच्या शोधात पश्चिमेला निघालेली आणि निर्जन वाळवंटात स्थिरावलेली माणसं’ म्हटलं आहे. आणि आज त्यांच्या वंशजांना आपला पूर्वज ‘एका क्लिकवर’ सापडतो, असंही लिहिलं आहे. माझ्या नवऱ्याची खापरपणजी, म्हणजे त्याच्या पणजोबांची आई, त्या लोकांपैकी एक होती. तिचा माग काढण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि यातलं एकही विधान मला मान्य करता येत नाही.

आधी सोन्याचं. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. तिथून ओहायो, मग मिझुरी, मग इलिनॉय असं या लोकांना हलत राहावं लागलं. मॉर्मनांना राज्यातून हाकला, नाहीतर त्यांचा नायनाट करा, असा लेखी हुकूम मिझुरीच्या गव्हर्नरने ऑक्टोबर १८३८ मध्ये काढला होता. इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठी त्यांनी नॉवू हे शहर वसवलं. जून १८४४ मध्ये जवळच्या कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथ आणि त्यांचे भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. फेब्रुवारी १८४६ मध्ये, ऐन थंडीत, लोक नॉवू सोडू लागले आणि स्मिथ यांच्यानंतरचे नेते ब्रिगहॅम यंग यांचा पहिला तांडा जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला. कॅलिफोर्नियात सटर यांच्या लाकूड कापायच्या गिरणीपाशी सोनं सापडलं ते जानेवारी १८४८ मध्ये, म्हणजे त्यानंतर सहा महिन्यांनी. ती तारीख २४ जानेवारी होती हे आज नक्की सांगता येतं, ते गिरणीवर मजुरी करणाऱ्या हेन्री बिगलर यांनी त्या दिवशी डायरीत नोंद केली म्हणून. बिगलर मॉर्मन होते. मेक्सिकोच्या युद्धासाठी उभारलेल्या मॉर्मन पलटणीतून सुटका झाल्यावर ते आणि त्यांचे काही सोबती तिथे कामाला लागले होते. पायाशी सोनं असताना त्याच उन्हाळ्यात ही माणसं डोंगर ओलांडून आपल्या लोकांकडे सॉल्ट लेकला निघाली.

खोरं निर्जनही नव्हतं. यूट आणि शोशोन लोक तिथे पिढ्यान् पिढ्या राहत होते. आमची खापरपणजी उत्तर युटातल्या ज्या कॅश व्हॅलीत स्थायिक झाली, तिच्या उत्तरेला बेअर नदीकाठी जानेवारी १८६३ मध्ये अमेरिकी सैन्याने शोशोनांच्या हिवाळी मुक्कामावर हल्ला करून शेकडो माणसं मारली. त्यात बायका आणि मुलंही होती. खापरपणजी त्याच वर्षी शरदात तिथे पोचली. घरात जपलेल्या टिपणात या घटनेबद्दल एक ओळही नाही. आपले पूर्वज कुठल्या जमिनीवर उतरले हेही वंशजांनी लिहून ठेवायला हवं, असं माझं ठाम मत आहे, आणि आमच्या घरच्या वहीत मी ते लिहिलं आहे.

आता ‘एका क्लिक’बद्दल. इथे नोंदी अफाट आहेत, हे खरं आहे. त्याचं कारण श्रद्धेत आहे. मेलेल्या आप्तांसाठीही बाप्तिस्मा आणि इतर विधी करता येतात, असं हे लोक मानतात, आणि त्यासाठी पूर्वज नावानिशी माहीत असावा लागतो. पूर्वी बरेच जण विधीने चर्चच्या मोठ्या नेत्यांच्या घराण्याशी जोडले जात. १८९४ साली चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी सांगितलं की प्रत्येकाने आपल्या आईवडिलांशी, आणि त्यांनी त्यांच्या आईवडिलांशी, असं जमेल तितकं मागे जात जोडून घ्यावं. त्याच वर्षी युटाची वंशावळ संस्था सुरू झाली. १९३८ पासून जगभरच्या नोंदवह्यांच्या मायक्रोफिल्म होऊ लागल्या. त्यांच्या मूळ प्रती सॉल्ट लेकजवळच्या लिटल कॉटनवुड दरीत, ग्रॅनाइटच्या डोंगरात खोदलेल्या कोठारात ठेवल्या आहेत. शहरातलं वंशावळीचं ग्रंथालय कुठल्याही धर्माच्या माणसाला मोफत खुलं आहे. माझ्यासारख्या, या पंथाच्या नसलेल्या बाईलाही तिथे फार आपुलकीने मदत मिळाली.

पण नोंदी असणं वेगळं आणि आपलं माणूस सापडणं वेगळं. चर्चच्या संकेतस्थळावरचा वंशवृक्ष सगळ्यांचा मिळून एकच असतो, कोणीही त्यात भर घालतं, आणि एकाने टाकलेलं दुसरा तपासल्याशिवाय उचलतो. मी पहिल्यांदा खापरपणजीचं पान उघडलं तेव्हा त्यावर असं होतं: जन्म प्रेस्टन, आयडाहो. १८५६ मध्ये हातगाडीच्या तांड्याबरोबर युटात आगमन. विधवा. मुलं सहा. पान नीटनेटकं दिसत होतं, आणि त्यातली एकही गोष्ट शेवटपर्यंत टिकली नाही.

जन्मगावाचा उलगडा सोपा होता. आयडाहोतलं प्रेस्टन तिच्या जन्मानंतर कितीतरी वर्षांनी वसलं. ती इंग्लंडातल्या लँकशायरमधल्या प्रेस्टनची. याच गावी जुलै १८३७ मध्ये रिबल नदीत ब्रिटनमधले पहिले मॉर्मन बाप्तिस्मे झाले होते. पान भरताना कोणीतरी यादीतून जवळचं प्रेस्टन निवडलं आणि पुढच्यांनी ते तसंच उतरवलं.

हातगाडीचं प्रकरण अवघड होतं, कारण घरातल्यांचा जीव त्यात गुंतला होता. हातगाड्यांचे तांडे हा या समाजाच्या आठवणीतला सगळ्यात हळवा भाग आहे. १८५६ ते १८६० या काळात असे दहा तांडे आले, सुमारे तीन हजार माणसं. बैल आणि गाड्या विकत घ्यायची ऐपत नसलेल्या, मुख्यतः ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातून आलेल्या गरिबांनी आपलं सामान लाकडी हातगाडीवर घालून आधी आयोवा सिटीपासून, आणि शेवटच्या काही तांड्यांनी नेब्रास्कातल्या फ्लोरेन्सपासून, सॉल्ट लेकपर्यंत ओढत आणलं. मोठ्या माणसाला सतरा पौंड सामान, एवढीच मुभा होती. १८५६ मधले विली आणि मार्टिन यांचे तांडे उशिरा निघाले आणि ऑक्टोबरच्या हिमवादळात वायोमिंगमध्ये अडकले. दोन्ही मिळून दोनशेहून अधिक माणसं भुकेने आणि थंडीने गेली. दर २४ जुलैला, पायोनियरांच्या म्हणजे पहिल्या वसाहतकऱ्यांच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या पायोनियर दिनाच्या मिरवणुकीत, आजही मुलं छोट्या हातगाड्या ओढतात. माझ्या सासूबाईंनीही लहानपणी ओढली आहे, आणि आपली पणजी अशीच आली, हे मनात धरूनच ओढली आहे.

घरात एक टंकलिखित टिपण आहे. खापरपणजीच्या एका नातीने ते १९३०च्या दशकात, पायोनियरांच्या लेकींच्या मंडळासाठी लिहिलं. त्यात वाक्य आहे ते एवढंच: ती कॅप्टन मॅकआर्थर यांच्या तांड्याबरोबर मैदानं ओलांडून आली. हातगाडीचा शब्द त्यात कुठेही नाही. तो समासात आहे, निळ्या शाईत, दुसऱ्या कोणाच्या तरी हातचा. नंतरच्या कोणीतरी मॅकआर्थर हे नाव पुस्तकात शोधलं असणार. डॅनियल मॅकआर्थर हे १८५६च्या दुसऱ्या हातगाडी तांड्याचे कप्तान होतेच. तो तांडा हिमवादळाआधी, सप्टेंबरमध्येच सुखरूप पोचला होता. समासातली नोंद पुढे वंशवृक्षावर गेली आणि तिथे १८५६ हे साल पक्कं झालं.

पण एप्रिल १८६१ च्या इंग्लंडच्या जनगणनेत ती प्रेस्टनमध्ये आहे. विधवा आई, धाकटा भाऊ आणि ती. धंद्याच्या रकान्यात यंत्रमागावरची कापूस विणकर. हीच ती कशावरून, असं कोणीही विचारील. प्रेस्टनच्या मॉर्मन शाखेच्या बाप्तिस्मा नोंदीत तिची जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं आहेत, आणि भावासकट सगळं जुळतं. मग १८५६ मध्ये ती युटात कशी असेल?

मॅकआर्थर यांनी आणखी एक तांडा आणला होता, १८६३ साली, बैलगाड्यांचा. टिपण लिहिणाऱ्या नातीला खरं तेच माहीत होतं. १८६१ पासून चर्चने नवी पद्धत सुरू केली होती: युटातल्या गावांनी वसंतात गाड्या, बैल आणि गाडीवान पूर्वेला मिझुरी नदीपर्यंत पाठवायचे, आणि तेच तांडे उन्हाळ्यात नव्या लोकांना घेऊन परत यायचे. १८६३ मध्ये अशा पावणेचारशेहून अधिक गाड्या गेल्या. त्या वर्षी ‘सायनोशुअर’ या जहाजाने लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला गेलेल्या मॉर्मनांच्या यादीत ती आहे. न्यूयॉर्कहून आगगाडीने, यादवी युद्ध चालू असताना, मिझुरीतल्या सेंट जोसेफपर्यंत, आणि पुढे मिझुरी नदीतून आगबोटीने नेब्रास्कातल्या फ्लोरेन्सपर्यंत. तिथून बैलगाडीने, म्हणजे खरं तर गाडीच्या बाजूने चालत, कारण गाडीत सामान असे आणि धडधाकट माणसं पायीच येत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तांडा सॉल्ट लेकला पोचला.

ती १८६३ मध्येच का निघाली, हेही मग उमगलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस येणं थांबलं आणि लँकशायरच्या गिरण्या बंद पडल्या. प्रेस्टनला त्याची झळ फार लागली. आपल्या वाचकांना याची दुसरी बाजू चांगली ठाऊक आहे, कारण त्याच कापसाच्या भावाने मुंबईत पैशाचा पूर आला होता. प्रेस्टनच्या विणकर बाईच्या हाती मात्र तेव्हा मदतीच्या रांगेपलीकडे काही उरलं नव्हतं. श्रद्धा तिची होतीच, बाप्तिस्मा त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी झाला होता. निघायला भाग पाडलं ते रिकाम्या मागाने.

तिकिटाला पैसे कुठून आले? चर्चचा स्थलांतर फंड १८४९ पासून गरिबांना उसने पैसे देत असे, आणि त्यांनी इथे येऊन काम करून ते फेडावेत अशी अपेक्षा होती. १८७७ साली या फंडाने कर्ज बाकी असलेल्यांची यादी छापली. त्या यादीत ती आहे, माहेरच्या आडनावाने, कारण कर्ज घेताना ती अविवाहित होती. घरातल्या काहींना आपल्या पूर्वजाचं नाव कर्जदारांच्या यादीत दिसणं आवडलं नाही. मला ती छापील ओळ त्या टिपणातल्या सगळ्या गौरवापेक्षा मोलाची वाटते. वंशवृक्षावर ती सासरच्या आडनावाने होती, त्यामुळे तो दुवा कोणाला आपोआप सुचणं शक्यच नव्हतं.

‘विधवा’ या शब्दाचा उलगडा व्हायला जास्त वेळ लागला आणि धीरही जास्त लागला. १८८० च्या जनगणनेत ती कॅश व्हॅलीतल्या एका गावात कुटुंबप्रमुख म्हणून आहे. सोबत मुलं आहेत, घरात पुरुष नाही, आणि स्थिती ‘विवाहित’. त्याच पानावर, दोन घरं सोडून, त्याच आडनावाचा पुरुष, त्याची बायको आणि त्यांची मुलं. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना अमेरिकेच्या जनगणनेत १८८० मध्ये पहिल्यांदा आला. त्याआधीच्या १८७० च्या पानावर कोण कोणाचं, हे केवळ अंदाजाने सांगावं लागतं. युटात १८८७ पर्यंत लग्नाची सरकारी नोंदच होत नसे. चर्चमधल्या काही विधींच्या नोंदी फक्त सभासदांना दिसतात, म्हणून त्या सासूबाईंनी पाहिल्या. खापरपणजीचं लग्न १८६५ साली सॉल्ट लेकच्या एंडाउमेंट हाउसमध्ये, म्हणजे चर्चचे पवित्र विधी होत त्या इमारतीत, झालं होतं आणि ती दुसरी बायको होती. दोन घरं सोडून राहणारी ती तिची सवत.

बहुपत्नीत्व चर्चने १८५२ मध्ये जाहीरपणे मांडलं आणि १८९० मध्ये त्याविरुद्ध घोषणा केली. मधल्या काळात, विशेषतः बहुपत्नीत्वाविरुद्धच्या १८८२ च्या एडमंड्स कायद्यानंतर, शेकडो पुरुष तुरुंगात गेले आणि दुसऱ्या-तिसऱ्या बायका नावं लपवून, गावं बदलून राहिल्या. १९३०च्या दशकात लिहिणाऱ्या नातीने आजीला विधवा का म्हटलं, हे मला समजतं, आणि तिच्याबद्दल माझ्या मनात जराही राग नाही. फक्त तो शब्द वाचताना त्यामागची भीती दिसली पाहिजे.

आणि मुलं. इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळले. १९०० च्या जनगणनेत प्रत्येक आईला दोन प्रश्न विचारले होते: किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात आहेत. तिच्या नावापुढे नऊ आणि पाच असे आकडे आहेत. वंशवृक्षावर सहाच होती. म्हणजे तीन मुलं अशी, ज्यांची आठवण एका म्हाताऱ्या बाईने दारात आलेल्या प्रगणकाला सांगितली आणि तिच्याखेरीज कोणीही जपली नाही. १८९० च्या जनगणनेची पानं आगीच्या भक्ष्यस्थानी पडली, त्यामुळे १८८० नंतर थेट १९०० वर यावं लागतं, आणि ती तोवर जगली हे आमचं नशीब.

एक बाळ गावच्या दफनभूमीच्या वहीत सापडलं. पुरलं होतं ते सवतीच्या कुटुंबाच्या जागेत, आणि म्हणून वंशवृक्षावर ते सवतीचं मूल झालं होतं. चर्चच्या स्थानिक वहीत नवजात मुलांना आशीर्वाद दिल्याची नोंद असते, त्यात आईचं नाव स्पष्ट आहे. दुसरं मूल जहाजाच्या यादीत होतं. तिच्या नावाखालीच, तिच्याच आडनावाचं, वय एक वर्ष. इतकी वर्षं तो तिचा भाचा असावा असं धरलं जाई. इंग्लंडच्या जन्मनोंदींच्या सूचीत १८६२ सालच्या प्रेस्टनच्या पानावर तो आहे, आणि आईच्या माहेरच्या आडनावाचा रकाना कोरा आहे. लग्नाशिवाय झालेल्या मुलाच्या बाबतीत तो तसाच ठेवला जातो. म्हणजे बंद गिरणीच्या गावातून ही बाई पोटच्या तान्ह्याला घेऊन समुद्र ओलांडून निघाली. १८७० च्या जनगणनेत तो मुलगा तिच्यापाशी नाही. तिसऱ्या मुलाचा माग अजून लागलेला नाही.

हे सगळं सासूबाईंपुढे ठेवलं तेव्हा त्या बराच वेळ १८६१ चं ते पान पाहत होत्या. मग म्हणाल्या, “ते जुनं टिपण काढू नकोस. त्याच्याशेजारी हे लाव. दोन्ही राहू देत.” मला ते फार योग्य वाटलं. घरच्या वहीत आता टिपण आहे, समासातल्या निळ्या शाईसकट, आणि पुढच्या पानावर जनगणनेची प्रत. वंशवृक्षावर त्या लहानग्याचं नाव आईच्या नावाखाली आलं आहे.

म्हणून लेखकांना माझी विनंती आहे की पुढच्या भागात सोन्याबद्दलचं आणि निर्जन वाळवंटाबद्दलचं वाक्य दुरुस्त करावं. आणि नोंद मिळवायची कशी याच्या जोडीला ती वाचायची कशी, यावरही लिहावं: ती कोणी केली, घटनेनंतर किती काळाने केली, कशासाठी केली. जनगणनेवाल्याला शेजाऱ्याने दिलेलं उत्तर, नातीने सत्तर वर्षांनी लिहिलेली आठवण आणि जहाज सुटायच्या वेळी कारकुनाने उतरवलेलं नाव यांना एकाच मापाने तोलता येत नाही. १८५६ च्या युटाच्या जनगणनेचं उदाहरण अवश्य द्यावं. प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळावा म्हणून तिच्यात लोकसंख्या फुगवलेली आहे, आणि तेव्हा तिथे नसलेल्या माणसांचीही नावं तिच्यात सापडतात.

शेवटी, आपल्या वाचकांच्या जवळची एक गोष्ट सुचवते. ह्यू फिंडले हे स्कॉटिश मॉर्मन धर्मप्रसारक १८५१ मध्ये मुंबईत उतरले आणि पुण्यात त्यांनी छोटी शाखा स्थापन केली होती. तिच्यात मुख्यतः इंग्रज लष्करातली माणसं होती. १८५५ मध्ये ते हिंदुस्थान सोडून युटाकडे निघाले. त्यांनी पुण्या-मुंबईहून पाठवलेली पत्रं लिव्हरपूलच्या ‘मिलेनियल स्टार’ या चर्चच्या पत्रात छापून आली आहेत आणि त्यांच्या डायऱ्याही जपलेल्या आहेत. अर्थात, ही पत्रं त्यांनी चर्चच्या वाचकांसाठी लिहिली, हे लक्षात ठेवूनच वाचायला हवीत. पुण्यातल्या त्या काळच्या लष्करी आणि चर्चच्या नोंदी ज्यांच्या हाताशी आहेत अशा अभ्यासकाने ती ताडून पाहिली तर आपल्या लेखमालेचा एक भाग त्यावर सहज होईल. इथल्या ग्रंथालयात काही पाहून हवं असेल तर मी आनंदाने पाहून देईन.

आपली नम्र वाचक,
सॉल्ट लेक सिटी, युटा